'लूट' : एका शब्दाचा प्रवास



आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हांस विचारले, "इंग्रजीत 'लूट' असा शब्द आहे. तो त्यांनी आपल्याकडून घेतला, की आपण त्यांच्याकडून?" प्रश्न लहानसा; पण उत्तर शोधता शोधता आम्हीच विचारात पडलो. ते विचार आज आपणांपुढे ठेवतो.

शब्द आपल्याच देशाचा. संस्कृतात 'लुण्ठ्' म्हणजे लुटणे. कोणी 'लोप्त्र', म्हणजे चोरीचा माल, या शब्दाकडेही त्याचे मूळ नेतात. कंपनी सरकारच्या अमदानीत इंग्रजांनी तो उचलला. १७८८ साली लंडनमध्ये निघालेल्या 'इंडियन व्होकॅब्युलरी' या कोशात तो आढळतो.

मग त्यापूर्वी इंग्रजांपाशी असा शब्द नव्हता काय? होता. 'प्लंडर' हा शब्द त्यांनी सतराव्या शतकात, जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध (१६१८ ते १६४८) चालू असताना, जर्मन भाषेतून घेतला. मुळात त्याचा अर्थ घरातील कपडालत्ता, किडूकमिडूक सामान असा होता. सैनिक काय नेत, ते त्या शब्दातच दिसते : राजाचा खजिना नव्हे, तर गरिबाचे अंथरूण-पांघरूण.

स्वतःच्या फौजेने नेलेल्या मालाला मात्र इंग्रज 'प्राइझ' म्हणत. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा टिपूच्या खजिन्याची हुद्द्याप्रमाणे रीतसर वाटणी झाली. पुढे तोही संकोच उरला नाही. १८६० साली इंग्रज व फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला. तेथे सापडलेली एक चिमुकली कुत्री एका अधिकाऱ्याने व्हिक्टोरिया राणीस नजर केली. तिचे नाव ठेवले 'लूटी'!

येथे आपण हसलो. पण हसून घरी गेलो, तर निम्मीच गोष्ट ऐकली असे होईल.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मराठी फौजांबरोबर या प्रांती आले. आपल्याकडे बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. घराण्याने अभिमानाने सांगावी अशी चाकरी. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, आणि तोच शब्द बंगालीत 'बर्गी' होऊन बसला. बर्गींचे भय घालून तेथील आया लेकरांना निजवू लागल्या. ती अंगाई बंगाली घरांत आजही ठाऊक आहे. कलकत्त्याच्या रक्षणासाठी खंदक खणला गेला, त्याचे नावच 'मराठा खंदक' पडले. आमच्या दप्तरात 'मोहीम' आणि 'चौथ'. ज्याचे घर जळाले त्याच्या तोंडी 'लूट'.

पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु इंग्रजांच्या 'प्राइझ'ला आपण लूट म्हणावयाचे, तर आपल्या 'मोहिमे'कडेही त्याच डोळ्यांनी पाहिले पाहिजे. कृत्याला नाव देण्याचा अधिकार घेणाऱ्याचा नसतो. ज्याचे गेले त्याचा असतो.

आपल्या या संस्थेपाशीही दुसऱ्यांनी दिलेलाच पैसा आहे. तो कोणी घोडा दारात उभा करून मागितला नाही. लोकांनी आपणहोऊन विश्वासाने दिला. म्हणून त्याचे नाव देणगी. हे नाव टिकविणे आता आपल्या हाती आहे. आणि ते दर वर्षीच्या चोख हिशेबानेच टिकेल.