शुभवर्तमानांमागील हरवलेला ग्रंथ व त्याची साक्ष



या महोत्सवांत भक्तिपर भाषणें आपण पुष्कळ ऐकलीं. आज जरा रुक्ष विषय घेतों. कारण कॉलेजांत शिकणारीं आपलीं मुलें जे प्रश्न घरीं आणतात, त्यांपैकीं हा एक आहे.

मत्तय व लूक या दोघांपुढें मार्काचें शुभवर्तमान होतें, असें बहुतेक पंडित मानतात. परंतु मार्कांत नसलेलीं सुमारें सवादोनशें वचनेंहि या दोघांत समान आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पश्चात्तापाचा उपदेश पाहा. दोघांच्याहि तिसऱ्या अध्यायांत तो आहे, आणि मूळ ग्रीकांतील साठांवर शब्द जवळजवळ अक्षरशः जुळतात. अरामी भाषेंतील तोंडी आठवण दोघांनीं स्वतंत्रपणें ग्रीकांत उतरविली असती, तर इतकें साम्य येणें कठीण. म्हणून १८३८ सालीं वाइसे या जर्मन पंडितानें असें मांडलें कीं, दोघांपुढें आणखी एक वचनसंग्रह असावा. पुढें त्यास 'क्यू' म्हणूं लागले. उगम या अर्थाच्या 'क्वेले' या जर्मन शब्दाचें तें आद्याक्षर. १९२४ सालीं इंग्लंडांत स्ट्रीटर यांनीं केवळ मत्तयांतील मजकुरासाठीं 'एम्' व केवळ लूकांतील मजकुरासाठीं 'एल्' असे आणखी दोन आधार कल्पिले.

तर्क टाकाऊ नाहीं. आपल्यापूर्वीं पुष्कळांनीं वृत्तान्त लिहावयास घेतले होते, असें लूक स्वतःच आरंभीं सांगतो. १९४५ सालीं मिसर देशांत नाग हम्मादीजवळ थोमाच्या नांवाचा ११४ वचनांचा संग्रह सांपडला. तेव्हां निव्वळ वचनांचीं पुस्तकें असत, एवढें तरी ठरलें. मात्र 'क्यू'चें एकहि पान आजवर मिळालेलें नाहीं. लूकानें मत्तयच वाचला होता असें मानलें तर 'क्यू'ची गरजच उरत नाहीं, असें फॅरर यांनीं १९५५ सालीं प्रतिपादिलें. तो पक्षहि आज जिवंत आहे.

आतां साक्षीचा प्रश्न. समजा, देवळाची नोंदवही आगींत जळाली. तिच्यावरून पूर्वीं उतरून घेतलेले दोन दाखले दोन घरांत सांपडले व ते शब्दशः जुळले. वही होती असें आपण मानूं, आणि तिचा मजकूर दाखल्यांहून जुना हेंहि मानूं. पण न्यायाधीशापुढें दोन दाखले व जळालेली वही असे तीन साक्षीदार उभे करतां येतील काय? साक्ष एकच, त्या वहीची! आणि एक दाखला दुसऱ्यावरूनच उतरला असेल, तर वहीचें नांवहि घेण्याचें कारण नाहीं.

हीच गल्लत मोठमोठे करितात. बार्ट अर्मन हे अमेरिकन पंडित श्रद्धावंत नव्हेत. तरी २०१२ सालीं येशूचें ऐतिहासिकत्व सिद्ध करतांना त्यांनीं 'क्यू', 'एम्' व 'एल्' यांचीहि आधारांत गणना केली. त्यांचा निष्कर्ष आपणांस गोड लागतो, पण ही मोजणी मला पटत नाहीं. 'एल्' म्हणजे एखादें पुस्तक, कीं लूकानें दहा जणांस विचारून जमविलेली माहिती, हें कोण सांगणार?

उलट बाजूस कांहीं लेखक म्हणतात कीं, 'क्यू'मध्यें क्रूसमरणाची व पुनरुत्थानाची कथा नाहीं, म्हणून त्या संग्रहाच्या मंडळींस तिचें महत्त्व नव्हतें. अहो, मार्कांत जें आहे तें बाजूस काढून उरलें त्यासच प्रथम 'क्यू' म्हटलें. मग मार्कांतील कथा त्यांत असती तरी ओळखावी कशी?

घटस्फोटाच्या निषेधाचें वचन घ्या. मत्तय व लूक यांतील समान वचन 'क्यू'चें मानितात. तोच निषेध मार्काच्या दहाव्या अध्यायांत निराळ्या प्रसंगीं येतो, आणि संत पौल करिंथकरांस तो प्रभूची आज्ञा म्हणून कळवितो. 'क्यू' खोडून टाका. मार्क व पौल उरतातच. करिंथकरांस लिहिलेलें तें पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचें आहे. गलतीकरांस लिहितांना तर पौल सांगतो कीं, आपण यरुशलेमेंत पेत्राजवळ पंधरा दिवस राहिलों व प्रभूचा भाऊ याकोब यासहि भेटलों. प्रतिपक्षाशीं बोलतांना हीं पत्रें पुढें ठेवावीं, कल्पित ग्रंथ नव्हे.

बायबल आयोगानें १९१२ सालीं ही उपपत्ति अमान्य केली होती. १९४३ च्या परिपत्रकानंतर कॅथलिक पंडितांस मोकळीक मिळाली. तेव्हां मुलांनीं हा विषय काढला तर त्यांस दटावूं नये. मत्तय व लूक यांचे तिसरे अध्याय त्यांच्यापुढें शेजारीं शेजारीं उघडून ठेवावे.