कुरळ्या केसांची तहान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कुरळ्या केसांची निगा’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहीजणी गालातल्या गालात हसल्या असतील. महागाई आणि मुलांची शिक्षणे सोडून या बाई केसांवर काय बोलणार, असेही मनात आले असेल. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्या हातून झालेली एक चूक आपल्या हातून होऊ नये, एवढाच हेतू आहे.

माझे केस सरळ. मुलीचे मात्र सासूबाईंच्या वळणावर गेलेले, दाट आणि कुरळे. रोज सकाळी शाळेच्या घाईत मी तिला पुढ्यात बसवी, कोरड्या केसांतून बारीक दातांची फणी ओढी आणि वर तेल चोपडून घट्ट वेण्या घाली. ती रडे, मी रागावे. ‘झिपरी’ हा शब्दही कितीदा तोंडून गेला असेल! आठवीत असताना एका रविवारी तिने मोरीत जाऊन कात्रीने आपल्या दोन्ही वेण्या कापून टाकल्या. बाहेर येऊन म्हणाली, “आई, आता तुला त्रास होणार नाही.”

मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाने हवेतला दमटपणा मोजण्याचे यंत्र केले आणि 1783 साली त्याविषयी ग्रंथ लिहिला, हे मी मुलांना कौतुकाने सांगे. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, यावर ते यंत्र चालते. वर्गात हे शिकवणारी मी, घरी मात्र लेकीच्या केसांना पाण्याचा थेंबही न लावता फणीने ओढीत होते!

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात. टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या वळणांवळणांत ते अडते. त्यामुळे मुळाशी केस तेलकट आणि टोकाशी कोरडा, अशी त्याची गत होते. पावसाळ्यात हा कोरडा केस हवेतले पाणी ओढून फुगतो आणि आपण म्हणतो, केस पिंजारले. तो हट्टी नसतो, तहानलेला असतो.

मग तेल घालावे का? जरूर घालावे, पण तेल म्हणजे पाणी नव्हे. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून धुऊन जाणारे प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झाले, कारण ते केसाच्या आत शिरते. आपल्या आजीबाईंचा न्हाण्याआधी खोबरेल चोळण्याचा रिवाज असा खरा ठरला.

आता माझी दुसरी चूकही सांगते. तहान कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. रोज केस भिजवायचे, रोज कंडिशनर, तेही रात्रभर! महिन्या-दोन महिन्यांत केस शिजलेल्या शेवयांसारखे लिबलिबीत झाले. वळण गेले, हात लावला की तुटू लागले. केस भिजला की फुगतो, सुकला की आकसतो. हे सारखे होत राहिले की तो आतून ढिला पडतो. रोपाला पाणी हवे म्हणून कुंडी तुडुंब भरून ठेवली, तर मुळे कुजतातच ना?

यासाठी एक घरगुती परीक्षा आहे. ठोकळच आहे, पण उपयोगी पडते. गळलेला एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणावा. थोडा ताणून पुन्हा आखडला, तर ठीक. न ताणताच तुटला, तर ओलावा कमी. रबरासारखा लांबतच गेला, तर ओलावा जास्त झाला. काही दिवस कंडिशनर कमी करावे.

आमच्या घरी आता बसलेली रीत अशी : आठवड्यातून एकदा-दोनदा न्हाणे. त्याआधी तासभर थोडेसे खोबरेल. सौम्य शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. आणि ते लावलेले असतानाच रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर गुंता सोडवावा. मग ते धुऊन टाकावे. टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती पंच्याने पाणी टिपावे. दोन चमचे जवस कपभर पाण्यात उकळून गरम असतानाच गाळले, तर बुळबुळीत रस निघतो. तो ओल्या केसांना लावला की वळण टिकते. केस सुकल्यावर मात्र फणी लावू नये. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या जड पाण्यात साबणाची वडी डोक्याला लावू नये. तिचा थर केसांवर बसतो.

आणि कोकणातला पावसाळा व विदर्भातला उन्हाळा यांना एकच माप लागू पडत नाही. शेजारणीचे पाहून न करता आपल्या बोटांना विचारावे.

माझ्या मुलीचे केस पुन्हा खांद्याखाली आले आहेत आणि ती ते मोकळे सोडते. ‘झिपरी’ हा शब्द मात्र ती अजून विसरलेली नाही. म्हणून आपल्या घरी कुरळ्या केसांची लेक, नात किंवा सूनबाई असेल, तर तिच्या केसांना नाव ठेवण्याआधी हातात तांब्याभर पाणी घ्या आणि तिच्याजवळ बसा, एवढीच माझी विनंती आहे.