मान खाली घालून वाजवलेलं गाणं



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "माझी मुलगी कॉलेजातून आली की कानात इअरफोन घालून इंग्रजी गाणी ऐकत बसते. एकदा मीही ऐकून बघितलं. नुसता घूं घूं आवाज आणि त्याच्या आत कुठंतरी लांब एक बाई गातेय. ती काय म्हणते ते मुलीला विचारलं, तर म्हणते, आई, मलाही नीट कळत नाही. आता शब्दच कळत नाहीत तर ऐकायचं कशाला?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आजच्या गप्पा या गाण्यांवर, आणि त्याहून जास्त ती ऐकणाऱ्या माणसांवर. कारण हे संगीत आज जिवंत आहे ते मुख्यतः ऐकणाऱ्यांमुळे.

या गाण्यांची दोन नावं आहेत. एक शूगेझ आणि दुसरं ड्रीम पॉप. दोन्ही एकमेकींना लागून असलेली घरं समजा. मधली भिंत कुठं आहे यावर चाहत्यांचीही भांडणं होतात. दोन्हींचा जन्म 1980 नंतरच्या दहा वर्षांत झाला, मुख्यतः ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये. ड्रीम पॉप म्हणजे स्वप्नातलं गाणं. हे नाव लंडनच्या ए. आर. केन या जोडीतल्या ॲलेक्स आयुली यांनी आपल्या संगीतासाठी वापरलं आणि पुढं सगळ्यांनी उचललं.

हा आवाज तयार कसा होतो ते आधी बघू. शिवणयंत्राला पेडल असतं ना, तसं या मंडळींच्या गिटारलाही पेडल असतं. पेडल म्हणजे एक छोटी धातूची डबी. ती जमिनीवर ठेवायची, गिटारची वायर तिच्यातून न्यायची आणि पायानं बटण दाबायचं. एका पेडलनं सूर फाटल्यासारखा जाड होतो. दुसऱ्यानं तो पुन्हापुन्हा परत येतो, विहिरीत हाक मारल्यावर येते तसा. तिसऱ्यानं मोठ्या रिकाम्या सभामंडपात वाजवल्यासारखं घुमतं. अशा पाच-सहा डब्या एकाला एक जोडल्या की एका गिटारचा आवाज भिंतीएवढा होतो.

आणि गाणारीचा आवाज? आपल्या सवयीच्या गाण्यात गळा वर असतो आणि वाद्यं खाली असतात. इथं गळा वाद्यांच्या आतच बसवतात. आपण गोधडी शिवतो तेव्हा जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालतो. वरून कुठली साडी कुठली ते सांगता येत नाही, पण ऊब सगळ्यांची मिळून येते. या गाण्यात गळा हा त्या थरांमधला एक थर असतो. त्या ताईंना बाई लांबून गातेय असं वाटलं, ते बरोबरच होतं. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

आता शूगेझ या नावाची गोष्ट. त्याचा अर्थ होतो, बुटांकडे टक लावून बघणं. हे नाव कौतुकानं दिलेलं नाही. 1990 च्या सुमारास लंडनच्या संगीताच्या साप्ताहिकांनी ते टोमणा म्हणून वापरलं. ही पोरं मंचावर उड्या मारत नाहीत, लोकांकडे बघत नाहीत, आपली मान खाली घालून उभी. अहो, पण पायाजवळ एवढ्या डब्या मांडलेल्या, कुठली कधी दाबायची ते बघायला नको? खुरपताना आपली मान खालीच असते. भाकरी थापताना, शिवताना, निवडताना खालीच असते. ती लाजेनं खाली नसते, हातातल्या कामात लक्ष असतं म्हणून असते. गंमत अशी की टोमणा मारणारी ती साप्ताहिकं आता साप्ताहिक म्हणून निघत नाहीत, आणि टोमण्याचं नाव आज चाहते अभिमानानं सांगतात.

दुसरा टोमणा तर आपल्याला फारच ओळखीचा आहे. हे वादक एकमेकांच्या कार्यक्रमांना जायचे, एकमेकांचं कौतुक करायचे. तेव्हा एका साप्ताहिकानं लिहिलं की हा तर स्वतःचाच उत्सव साजरा करणारा कंपू आहे. आपण एकीच्या पापडाच्या दुकानाच्या उद्घाटनाला दहाजणी गेलो की, "झालं यांचं कौतुकमंडळ सुरू" असं म्हणणारे असतातच की नाही? तसंच ते.

आता यातल्या बायांविषयी. त्या काळच्या बऱ्याचशा रॉक बँडमध्ये सगळे पुरुषच असत. इथं तसं नव्हतं. स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथ नावाचं गाव आहे, 2025 पर्यंत तेल शुद्धीकरण कारखान्याचं. तिथल्या कॉक्टो ट्विन्स या बँडची गायिका एलिझाबेथ फ्रेझर. 1982 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. ती शब्द अर्थासाठी कमी आणि नादासाठी जास्त निवडायची. परक्या भाषांतले शब्द घ्यायची, काही स्वतःच घडवायची. 1989 मध्ये तिला मुलगी झाली आणि पुढच्याच वर्षी 'हेवन ऑर लास वेगास' हा अल्बम आला. त्यातल्या काही गाण्यांना त्या बाळंतपणाचा आणि आईपणाचा धागा आहे. आजही चाहते नव्या माणसाला पहिल्यांदा हाच अल्बम ऐकायला देतात.

डब्लिनमध्ये सुरू झालेल्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडमध्ये बिलिंडा बुचर गाते आणि गिटारही वाजवते. तिनं मुलाखतीत सांगितलंय की रेकॉर्डिंगच्या वेळी तिला पुष्कळदा पहाटे झोपेतून उठवायचे आणि ती तशीच अर्धवट झोपेत गायची. तिच्या गळ्यातला तो पेंगुळलेपणा खराच आहे. लंडनच्या लश या बँडमधल्या मिकी बेरेन्यी आणि एमा अँडरसन शाळेतल्या मैत्रिणी. आधी त्या स्वतःच चाहत्या होत्या. आवडत्या बँडवर लिहून त्यांनी आपलं एक छोटं मासिक काढलं होतं. तिथून त्या स्वतः मंचावर आल्या, दोघी गिटार घेऊन. म्हणजे चाहती आणि कलाकार यांच्यात फार मोठी दरी असते असं नाही.

पण सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे स्लोडाइव्ह या बँडची. इंग्लंडमधल्या रेडिंग या गावची रेचल गॉसवेल आणि नील हॅलस्टेड हे लहानपणापासूनचे मित्र. 1989 मध्ये त्यांनी हा बँड सुरू केला. सुरुवातीला कौतुक झालं. मग दोन-तीन वर्षांत वारं फिरलं. दुसऱ्या प्रकारचं, रांगडं आणि ठसक्याचं संगीत आलं आणि साप्ताहिकांनी या मंडळींना धारेवर धरलं. त्यांच्या 1993 च्या 'सुव्लाकी' या अल्बमवर एका समीक्षकानं लिहिलं की हे पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीनं भरलेल्या टबात गुदमरून मेलेलं परवडलं. विचार करा, पोरं विशी-बाविशीतली, आणि छापील कागदावर हे वाचायचं. 1995 मध्ये तिसरा अल्बम आला आणि लगेच कंपनीनं त्यांच्याशी करार संपवला. बँड संपला. त्यांची वाद्यं गप्प झाली.

इथून पुढची गोष्ट चाहत्यांची.

कंपनीला नको, साप्ताहिकांना नको, दुकानात मिळेना. पण ज्यांना ते गाणं आवडलं होतं त्यांनी ते सोडलं नाही. कुणी कॅसेट भरून मित्राला दिली. कुणी जुनी तबकडी शोधून जपली. 2002 मध्ये बर्लिनच्या एका लहान कंपनीनं वेगवेगळ्या कलाकारांकडून स्लोडाइव्हची गाणी नव्यानं गाऊन घेतली आणि अल्बम काढला. बँड बंद पडून सात वर्षं झाली होती. 2004 मध्ये लंडनमध्ये एका चाहत्यानं सोनिक कॅथेड्रल नावाच्या मैफली सुरू केल्या, फक्त असल्या गाण्यांच्या. त्यांचं घोषवाक्य काय ठेवलं? तोच जुना टोमणा. स्वतःचाच उत्सव साजरा करणारी रात्र! पुढं या संगीतावर 'ब्युटिफुल नॉइज' नावाचा माहितीपट झाला. 2014 मध्ये तो दाखवला गेला. त्याच्या खर्चाला चाहत्यांनी वर्गणी काढली. आपण गावात सप्त्याला काढतो, तशीच.

आणि मग बँड परत आले. माय ब्लडी व्हॅलेंटाइननं 1991 मध्ये 'लव्हलेस' हा अल्बम काढला होता. त्यानंतरचा अल्बम आला थेट फेब्रुवारी 2013 मध्ये. एकवीस वर्षं लोक वाट बघत होते. ज्या रात्री तो त्यांच्या वेबसाइटवर आला, त्या रात्री एवढी गर्दी झाली की वेबसाइटच बंद पडली. 2014 मध्ये स्लोडाइव्ह बार्सिलोनाच्या महोत्सवात पुन्हा उभे राहिले. 2017 मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. 2023 चा अल्बम इंग्लंडच्या यादीत पहिल्या दहांत गेला. ऐन तरुणपणात जे जमलं नव्हतं ते पन्नाशी ओलांडल्यावर जमलं. तो अल्बम त्यांनी रेचलच्या आईला आणि बँडच्या ढोलवादकाच्या वडिलांना वाहिला. दोघंही 2020 मध्ये गेले.

आता त्यांच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत कोण असतं? बँड बंद पडला तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुलंमुली. मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमागे ही गाणी वाजू लागली आणि नवी पिढी तिकडं वळली. अमेरिकेच्या बाल्टिमोर शहरातल्या बीच हाउस या जोडीचं 2015 चं एक गाणं असंच काही वर्षांनी जगभर पोचलं. आपल्या ताईंच्या मुलीपर्यंत ते लोण आलं ते याच वाटेनं.

मग मूळ प्रश्न. शब्द कळत नाहीत तर काय आवडतं?

मैत्रिणींनो, मराठीत 'नाद' हा शब्द किती छान आहे बघा. नाद म्हणजे आवाज, आणि नाद म्हणजे वेडही. तान्ह्या बाळाला अंगाईतलं काय कळतं? चंद्र कळत नाही, पाळणा हा शब्द कळत नाही. त्याला कळतो आईचा आवाज आणि हलणारा पाळणा. शास्त्रीय गाण्यातल्या आलापातही शब्दांना फार काम नसतं, तरी डोळ्यांत पाणी येतं. हे चाहते सांगतात की या गाण्यात आपल्याला कुणी उपदेश करत नाही, काय वाटून घ्यायचं ते सांगत नाही. शब्द पुसट असल्यामुळे ज्याचं दुःख त्याला त्यात मावतं. कुणी परीक्षेच्या काळजीत ऐकतं, कुणी झोप येत नाही म्हणून, कुणी घरातलं माणूस गेल्यावर. मग एका ओळीत ती नेमकं काय म्हणाली यावर तासन्‌तास चर्चा चालते. दहाजण दहा शब्द सांगतात आणि कुणाचंच खोटं नसतं.

मुलीला "हे कसलं गाणं" म्हणून झिडकारण्याआधी एवढं लक्षात ठेवू या. या वयात मनातलं सगळं बोलता येत नाही. काही मुली ते गाण्यात ठेवतात. गाण्याला हसलं की तिला वाटतं आपल्यालाच हसले. मग ती इअरफोन काढत नाही आणि बोलतही नाही. त्यापेक्षा एक इअरफोन आपल्या कानात घ्यावा आणि विचारावं, तुला यातलं काय आवडतं? आपल्याला नाही आवडलं तरी चालेल. बसून ऐकलं एवढं तिला पुरतं.

मात्र एका बाबतीत आईनं आईसारखंच वागावं, ते म्हणजे आवाज. हे संगीत मोठ्यानं ऐकायचा मोह होतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या कार्यक्रमाला दाराशीच लोकांना कानात घालायचे बोळे वाटले जातात, एवढा तो आवाज असतो. त्या बँडचे केव्हिन शील्ड्स यांना स्वतःला कानात सतत आवाज येण्याचा त्रास जडला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 80 डेसिबलचा आवाज मोठ्या माणसानं आठवड्यात फार तर 40 तास ऐकावा. आवाज वाढला की ही वेळ झपाट्यानं कमी होते. घरात ओळखायची सोपी खूण अशी: इअरफोन घातलेल्या मुलीला आपण हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारली आणि तिला ती ऐकूच आली नाही, तर आवाज कमी करायला सांगा. मध्ये मध्ये कान मोकळे ठेवायला सांगा. कान एकदा गेले की परत येत नाहीत, आणि मग आवडतं गाणंही गेलं.

आणि हे फक्त मुलींपुरतं नाही. आपल्यालाही काही ना काही आवडत असतं. कुणाला जुन्या लावण्या, कुणाला भारूड, कुणाला रेडिओवरची नाट्यगीतं, कुणाला रानातून येताना गुणगुणायला. "आता या वयात काय" असं कुणी म्हटलं की आपण ते गुपचूप ठेवून देतो. स्लोडाइव्हच्या चाहत्यांना वीस वर्षं असंच म्हणत होते. त्यांनी भांडण काढलं नाही, कुणाला पटवायला गेले नाहीत. ऐकत राहिले, एकमेकांना ऐकवत राहिले. शेवटी ज्यांनी गाणं टाकून दिलं होतं, त्यांना गाणाऱ्यांनीच परत आल्यावर आश्चर्याचा धक्का दिला: अरे, आपल्याला एवढे लोक ऐकत होते!

तर या महिन्याच्या बैठकीत एक करून बघा. हिशेबाची वही मिटली की दहा मिनिटं काढा. एका मुलीला तिचं आवडतं गाणं मोबाइलवर लावायला सांगा, आणि एका आजीला तिचं आवडतं म्हणायला सांगा. कॉक्टो ट्विन्स किंवा स्लोडाइव्हपासून सुरुवात केलीत तर फारच छान. कुणी काय ऐकवलं, काय वाटलं, ते आम्हाला केंद्रावर कळवा. चांगली पत्रं पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.

भेटू या. नमस्कार.