गोडे पाणी आणि रोहित पक्षी



पाटबंधाऱ्यांच्या कामात केस पिकवलेल्या माणसाने पक्ष्यांवर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझा सारा जन्म कालवे आणि चाऱ्या आखण्यात गेला. पक्षी पाहण्याचा नाद लागला तो निवृत्तीनंतर. हा नाद घेऊन मी सुटीसाठी श्रीलंकेत गेलो आणि तिथे माझाच जुना व्यवसाय माझ्यापुढे येऊन उभा राहिला. ती हकीकत आज सांगणार आहे.

श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, हंबनटोटा जिल्ह्यात, बुंदाला नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९६९ साली ते अभयारण्य झाले, १९९३ साली राष्ट्रीय उद्यान. पाणथळींच्या रामसर यादीत श्रीलंकेतून प्रथम गेले ते हेच स्थळ. काटेरी झुडपांचे रान आणि समुद्राची वाळू यांच्यामध्ये मलला, एंबिलिकला, बुंदाला, कोहोलंकला अशी उथळ, खारट तळी पसरली आहेत, शेजारी मिठागरे. पुढे नुसता हिंदी महासागर. उत्तरेकडून हजारो मैल उडत आलेल्या पाखराला इथे थांबावेच लागते. हिवाळ्यात तिथे जी गर्दी होते, तिचे कारण हेच.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. तिस्समहारामहून पहाटे जीप निघाली. उजाडता उजाडता पाहावे तो चिखलावर तुतवार आणि चिखल्ये धावताहेत, लांब तांबड्या पायांचे शेकाटे पाण्यात तोल सांभाळीत चालले आहेत, चित्रबलाक मुनीसारखे उभे आहेत. डोळे निवले. पण मी गेलो होतो रोहितासाठी. इंग्रजीत ज्याला फ्लेमिंगो म्हणतात तो हा पक्षी. बुंदालाची ख्याती त्याच्यामुळेच. पूर्वी तिथे हजारहजारांचे थवे उतरत. दुपारपर्यंत आम्ही पाणी पालथे घातले. एकही दिसला नाही.

जीप चालवणारा तरुण तिथलाच होता. मी विचारले, "शिकार होते का रे?" तो म्हणाला, "नाही सर. पाणी गोडे झाले."

मंडळी, मी चमकलो. पाणी गोडे झाले, ही तक्रार मी जन्मात प्रथमच ऐकत होतो!

प्रकार असा. १९८०च्या दशकात किरिंदी ओया नदीवर लुणुगम्वेहेर येथे मोठे धरण बांधले गेले. कोरड्या मुलखात भाताची खाचरे हिरवी झाली. खाचरांतले जास्तीचे पाणी उताराने वाहत एंबिलिकला आणि मलला या तळ्यांत जाऊ लागले. वरून पाहता यात वाईट काय? परंतु रोहिताचे पोट त्या खारटपणावर अवलंबून. हा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून, जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून गाळतो. खाऱ्या पाण्यात मासे फारसे टिकत नाहीत, म्हणून बारीक जीवांचा सुकाळ असतो, आणि तेच त्याचे अन्न. पाणी गोडे होताच खारटपणावर जगणारे ते जीव कमी झाले, पाणवनस्पती माजल्या, आणि रोहितांची संख्या घसरत गेली.

इथे कोणी दुष्ट नव्हता. शेतकऱ्याला भात हवा होता, तो मिळाला. अभियंत्याने पाण्याचा निचरा केला, तो नियमाप्रमाणेच. मीही माझ्या नकाशांवर अशा निचऱ्याच्या रेषा कितीतरी ओढल्या. रेषा समुद्राजवळच्या खाजणात जाऊन संपली की काम संपले असे समजलो. तिथे कोणी जेवते आहे, हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नाही आणि आम्हीही स्वतःला विचारला नाही.

याचा अर्थ धरणे नकोत, असा कृपा करून घेऊ नका. आपल्या नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. त्यात गाळ साठला, पाणी उथळ झाले, पाखरे आली. आणि २०२० साली तेच महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. एका बंधाऱ्याने पाखरांना घर दिले, दुसऱ्या धरणाच्या निचऱ्याने त्यांचे ताट ओढून घेतले. फरक पाण्याच्या असण्यानसण्याचा नाही. पाणी किती खोल, किती खारट, केव्हा येते आणि केव्हा ओसरते, याचा तो फरक आहे.

तेव्हा आपल्या गावाजवळ निचऱ्याचा चर खणला जाईल, खाडीवर बांध पडेल, तेव्हा एवढेच विचारा: हे पाणी शेवटी कुठे जाणार, आणि तिथे आज कोण राहते? हा प्रश्न रेषा ओढण्याआधी विचारला, तर रेषा थोडी वळवता येते. नंतर विचारला, तर माझ्यासारखे रिकाम्या तळ्याच्या काठी दुर्बीण घेऊन बसावे लागते.