त्रास या अर्थाचे शब्द



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, ते शब्दाचा अर्थ विचारीत आणि लगेच त्याचा वाक्यात उपयोग करावयास लावीत. हैदराबादेत या शिस्तीची गरज पावलोपावली पटते. आपण ‘हैराण झालो’ म्हणजे त्रासलो. उर्दू बोलणारा शेजारी तोच शब्द ‘चकित झालो’ या अर्थी योजतो. संस्कृतातील ‘त्रास’ म्हणजे तर भीतीच.

इंग्रजीतही ‘अॅनॉय’च्या मुळाशी लॅटिनमधील तिरस्कार आहे, ‘व्हेक्स’च्या मुळाशी हलविणे, ‘न्यूसन्स’च्या मुळाशी इजा. आज ‘इरिटेट’मध्ये चिडचिड आहे, ‘व्हेक्स’मध्ये मनाला लागून राहिलेली टोचणी; ‘अॅनॉय’ मात्र सैल, कोणत्याही त्रासाला चालणारा.

हा सैलपणा संभाषणात खपतो, दंडविधानात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये ‘अॅनॉयन्स’ घडविण्यासाठी धाडलेला संदेश काही परिस्थितींत शिक्षापात्र होता. शब्दाची व्याख्या नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरची एक तरुणी, आणि ते पसंत केल्याबद्दल तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली; लावलेल्या कलमांत हेही होते. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. एकाला जे त्रासदायक, ते दुसऱ्याला तसे नसेल, हे त्या निकालातील एक मर्म.

म्हणून ‘मला त्रास झाला’ असे कोणी म्हटले, तर शिक्षा ठरविण्यापूर्वी ‘कोणता?’ हे विचारावे. गुरुजींनी शिकविलेले व्याकरण हेच होते.