पगाराखेरीज काय मिळते?

(तोंडवली, ता. मालवण येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावातील मुलगा नोकरीस लागला म्हणजे "पगार किती?" असे आपण लगेच विचारतो. पगाराखेरीज मालक काय देतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. पगारी रजा, भविष्य निर्वाह निधी, आजारपणातील औषधोपचार, उपदान यांना आनुषंगिक लाभ म्हणतात. परंतु मुलगा अंथरुणास खिळला की हेच लाभ मुख्य ठरतात.

केंद्र शासनाने २०१७-१८ मध्ये नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण सुरू केले. त्या वर्षी शेतीबाहेर नियमित पगारावर असलेल्या पुरुषांपैकी ७२.३ टक्क्यांजवळ लेखी करार नव्हता, ५५.२ टक्के पगारी रजेस पात्र नव्हते आणि ४९ टक्क्यांना सामाजिक सुरक्षेचा एकही लाभ नव्हता. ही रोजंदारीवरील माणसे नव्हेत, हे ध्यानात घ्यावे. शिवाय हे आकडे सर्व वयांचे आहेत; त्यांत जुने कायम नोकरही आले. नव्याने लागलेल्या मुलांची स्थिती याहून बरी असेल, असे मला वाटत नाही. पुढे २०२२-२३ पर्यंत, स्त्री-पुरुष मिळून, करार नसलेल्यांचे प्रमाण ७१.१ वरून ५८.६ टक्क्यांवर उतरले. सामाजिक सुरक्षा नसलेल्यांचे मात्र ४९.६ वरून ५३.९ वर चढले. कागद हाती आला, पण त्यामागचे संरक्षण आले नाही, असा याचा अर्थ होतो.

आपल्या किनाऱ्याला हा विषय नवा नाही. मुंबईच्या गिरणीत लागलेला चाकरमानी गावकऱ्यांच्या खोलीत राही, खानावळीत जेवी. पण त्याच्यामागे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा आणि १९७२ चा उपदान कायदा उभा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते जग मोडले. आज मुले गोव्यातील हॉटेलांत व कारखान्यांत, कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत, तारकर्लीच्या पर्यटन व्यवसायात जातात. अनेकांचा मालक ठेकेदार असतो.

चतुर्थीला रजा मिळत नाही म्हणून नोकरी सोडून येणारा मुलगा आपल्याला परिचित आहे. लोक त्याला चंचल म्हणतात. मला तो दोष निम्मा रजेच्या अभावाचा वाटतो. मात्र दरवेळी निधीची रक्कम काढून घेणे महागात पडते. या योजनेतील मासिक निवृत्तिवेतनास दहा वर्षांची सेवा लागते. रक्कम काढली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नोकरी बदलली तरी सदस्याचा क्रमांक तोच राहतो, म्हणून जुनी रक्कम नव्या खात्याकडे वळवून घ्यावी, काढू नये.

विम्याचेही असेच आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, २०१७ मध्ये ठरलेल्या मर्यादेनुसार, २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ही योजना लागू होते. २०१९ च्या दराप्रमाणे पंधरा हजार पगारावर मुलाचे महिन्याला ११३ रुपये कापले जातात, मालक त्याच्या चौपटीहून अधिक भरतो. त्याबदल्यात स्वतःला व कुटुंबीयांना उपचार, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम. हातात ११३ रुपये अधिक यावेत म्हणून "कपात नको" म्हणणारी मुले आहेत. त्यांना हा हिशेब कोणी मांडून दाखवलेला नसतो.

रापणीची गोष्ट निराळी. तिथे मासळीचे वाटे पडतात, मालक आणि नोकर असा भेदच नाही. मग मालक काय देतो, हा पाहणीचा प्रश्न तिथे कोणाला विचारायचा? अशांसाठी २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यू वा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपयांच्या गट विम्याची तरतूद झाली. आपल्या वाडीतील किती खलाशांची नावे तीत नोंदली गेली, हे पंचायतीने पाहावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या. त्यानुसार नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरास एका वर्षानंतरही उपदान मिळू शकते. शिक्षकांनी दहावी-बारावीच्या वर्गात पगारपत्रक फळ्यावर काढून त्यातील प्रत्येक कपातीचा अर्थ सांगावा. एक तास पुरेल. कपात दिसते पण निधीच्या खात्यात रक्कम जमा नाही, असे आढळल्यास भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे तक्रार करता येते. तो अर्ज लिहून देण्याचे काम ग्रामपंचायतीत बसूनही होऊ शकेल.