किलचर्नची सकाळ



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना ‘निसर्गाची किमया कॅमेऱ्यात टिपणारे’ असं म्हटलं. पाहुण्यांबद्दल असंच बोलायचं असतं, म्हणून मी हरकत घेत नाही. पण माझ्या मागच्या पडद्यावर मी काढलेला जो फोटो लावलाय, त्यात निसर्गाचा वाटा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. आज तेवढंच सांगतो. फिशपाँड सुरू व्हायच्या आत बसतो, काळजी करू नका.

हा किलचर्नचा किल्ला. स्कॉटलंडच्या पश्चिम भागात लॉख ऑ नावाचं सरोवर आहे, अरुंद पण ४१ किलोमीटर लांब. त्याच्या ईशान्य टोकाला पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर ही पडकी वास्तू उभी आहे. दक्षिणेच्या काठावर ट्रायपॉड लावला की समोर किल्ला, मागे डोंगर आणि खाली पाण्यात दोघंही उलटे. जगभरातले फोटोग्राफर इथे येतात आणि जवळजवळ तोच फोटो घेऊन परत जातात. मीही घेतला. तो समोर आहेच.

आता थोडं कामाचं बोलू, कारण फोटोग्राफी क्लबची मुलं पुढेच बसलेली दिसतायत. आपल्याकडे एकदा उजाडायला लागलं की वीस-पंचवीस मिनिटांत सूर्य वर येतो. तिथे तो क्षितिजावरून तिरका, रेंगाळत चढतो. जूनमध्ये संधिप्रकाश पाऊण तासाहून जास्त टिकतो, आणि त्या दिवसांत मध्यरात्रीसुद्धा पुरता काळोख होत नाही. सूर्योदय साडेचारच्या आसपास. डिसेंबरात तोच पावणेनऊच्या सुमारास, म्हणजे आळशी फोटोग्राफरांसाठी स्कॉटलंडचा हिवाळा फार सोयीचा! शिवाय सूर्य उगवायची जागाही खूप सरकते. जूनमध्ये ईशान्येला, डिसेंबरात आग्नेयेला, दोन्हींत साधारण ९० अंशांचं अंतर. पुण्यात हेच अंतर ५० अंशांच्या आसपास भरतं. त्यामुळे ‘तिथे सकाळी ऊन कुठून येतं?’ या प्रश्नाला महिना सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

धुकं हवं असेल तर शरद ऋतू चांगला. उन्हाळाभर तापलेलं पाणी लवकर निवत नाही, पण निरभ्र रात्री हवा झपाट्यानं गार होते. पाण्यावरची ओलसर हवा त्या गारव्यात सापडते आणि धुकं धरतं. वारा मात्र अजिबात नको. वारा आला की धुकंही गेलं आणि प्रतिबिंबही. आणि उन्हाळ्यात वारा नसला की मिज येतात. हे चिलटांएवढे चावरे कीटक, त्यांना वाऱ्यात उडता येत नाही. म्हणजे पाणी आरशासारखं झालं की तुमच्या कानामागे, पापण्यांवर, मनगटांवर यांची पंगत बसलीच म्हणून समजा. या फोटोकडे बघून लोक ‘किती शांत’ म्हणतात, तेव्हा मला खाजच आठवते.

एक्सपोझरचं एवढंच सांगतो. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा नेहमी थोडं काळपट पडतं. आकाश सांभाळायला गेलात तर पाणी काळं होतं, पाणी सांभाळलंत तर आकाश पांढरं फटक. त्यासाठी फिल्टर वापरा नाहीतर दोन-तीन वेगवेगळी एक्सपोझर घ्या. बाकीचं तुमच्या मोबाइलला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पण खरं बोलायचंय ते या दगडांबद्दल. किल्ल्याचा पाच मजली मनोरा १४५० च्या सुमारास कॉलिन कॅम्पबेल यानं बांधला. ग्लेनऑर्कीच्या या खोऱ्यावर त्याआधी मॅकग्रेगर कुळाचा जम होता. कॅम्पबेलांनी त्यांना हळूहळू मागे रेटलं, कधी कागदानं, कधी तलवारीनं. १६०३ मध्ये राजा सहावा जेम्स याच्या राजवटीत मॅकग्रेगर हे आडनावच बेकायदा ठरलं. नाव टाका, नाहीतर मरा, असा तो हुकूम होता. मधली काही वर्षं सोडली तर ही बंदी १७७४ पर्यंत टिकली. आपलं आडनाव उच्चारायची चोरी, आणि ज्यांच्यामुळे ती आली त्यांचा मनोरा आपल्याच खोऱ्यात उभा! त्या माणसांना सकाळच्या धुक्यातून हा मनोरा वर येताना कसा दिसत असेल? सुंदर तर नक्कीच नसेल.

पुढे १६९० च्या दशकात कॅम्पबेलांच्याच वारसानं आत दोनशेएक शिपायांची बराक बांधली. १७४५ मध्ये राजाविरुद्ध बंड झालं, तेव्हा इथे सरकारी फौज होती. मग १७६० मध्ये वीज पडली आणि किल्ला कायमचा सुटला. एका बुरुजाचा माथा निखळून अंगणात पडला, तो अजून तिथे उलटा पडलेला आहे. काठावरून काढलेल्या फोटोत तो येत नाही.

यानंतर चाळीस-एक वर्षांतच कलावंत येऊ लागले. टर्नरनं इथलं चित्र केलं आणि १८०२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलं. चित्राच्या नावात त्यानं वेळही घातली आहे, दुपारची! पहाटेचा आग्रह आम्हा कॅमेरेवाल्यांचा. १८०३ मध्ये वर्ड्सवर्थ आला आणि त्यानं किल्ल्यावर कविता लिहिली. छत कोसळल्यावर दोन पिढ्यांच्या आत बराकीचं काव्य झालं, याचं मला अजून नवल वाटतं. जिची दहशत होती ती वास्तू निकामी झाली की देखणी वाटायला लागते, आणि आपण तिला खुशाल ‘रोमँटिक’ म्हणून मोकळे होतो.

आता निसर्गाकडे येतो. पाण्याची ही कड तुम्हाला अनादि काळापासूनची वाटते ना? १८१७ मध्ये सरोवराची पातळी खाली आणली गेली. त्याआधी किल्ल्याभोवती आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त पाणी होतं. शेजारी बेन क्रूअखन नावाचा डोंगर आहे, १,१२६ मीटर उंच. तो आतून पोकळ आहे. डोंगर कोरून आत वीजकेंद्र बसवलंय, १९६५ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. विजेची मागणी कमी असते तेव्हा याच सरोवराचं पाणी पंपानं वरच्या जलाशयात चढवतात, मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. ते बोगदे खोदताना कामगारांचे जीव गेले. आणि किल्ला पडका असला तरी पडू दिलेला नाही. हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेची माणसं त्याची देखभाल करतात. ‘काळाच्या हवाली केलेला’ हा अवशेष पगारी गवंडी सांभाळतात.

इतकं सगळं ठाऊक असूनही मी तिथे धुक्याचीच वाट बघत उभा राहतो, हेही सांगायला हवं. धुकं उतरलं की रस्ता दिसत नाही, विजेचे खांब दिसत नाहीत, फ्रेम स्वच्छ होते. मला तो फोटो आवडतो. फक्त त्या स्वच्छतेत आपण काय काय पुसलं, ते काढणाऱ्याला माहीत असावं, असा माझा हट्ट आहे.

म्हणून फोटोग्राफी क्लबकडे एक मागणी. बाहेरच्या व्हरांड्यातलं तुमचं प्रदर्शन मी येताना पाहिलं. दोन-तीन फोटो तर मीच काढायला हवे होते असं वाटलं. प्रत्येक फोटोखाली कॅमेरा, लेन्स, शटर स्पीड, आयएसओ सगळं लिहिलंय. त्यातल्या एका फोटोतलं नदीकाठचं मंदिर कुणी बांधलं, त्याची डागडुजी कोण करतं, फ्रेमच्या डाव्या कडेला काय होतं, हे मात्र कुठेच नाही. पुढच्या वर्षी आयएसओ गाळा आणि त्या जागेवर दोन ओळी लिहा. परीक्षक म्हणून बोलावणार असाल, तर आत्ताच सांगून ठेवतो, मी आधी त्या ओळी वाचीन.